बिनअंगरख्याचा शत्रू

३ जून, सकाळी ९
सापडला! पिकं कुजवणाऱ्या बुरशीच्या पोटात विषाणू. अंगावर कवच नाही, जवळ एकच जनुक, काम एकच: स्वतःच्या नकला काढणं. पेशीबाहेर पडत नाही. आईपेशीकडून लेकीकडे जातो. त्याची लागण झालेली बुरशी निरोगी बुरशीच्या निम्मीच वाढली. आता बुरशीचा काळ आला! काहीतरी शोधून दाखवायला संचालकांनी तीस तारखेपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर माझी प्रयोगाची खोली शेजारच्या विभागातल्या अळंबीवाल्यांना. खुशाल देवोत मुदत. भाषण लिहायला घेतलं.

६ जून
सहायिका विचारते, सर, निरोगी बुरशी कुठली? म्हटलं, माझ्याच वीस वर्षं जुन्या परीक्षानळीतली. आणि आजारी? तीही त्यातलीच. मग निरोगीचीही तपासणी करू या ना, म्हणाली. निरोगी माणसाला कुणी दवाखान्यात नेतं का? वहीत काहीतरी टिपून घेतलं तिने. पटलं असावं.

११ जून
भाषण चौदा पानं. बायकोला ऐकवलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, अंगावर धड कपडा नाही, घराबाहेर पडत नाही, तेच तेच पुन्हा काढतो; अहो, हा विषाणू की तुम्ही? विज्ञानाची चेष्टा करणाऱ्या समाजाचं भवितव्य काय! (हे भाषणात घ्यावं.)

१७ जून
प्रयोग पुन्हा केला. दोन्ही बुरश्या सारख्याच वाढल्या. उबवणपेटी बिघडलीय. लेखी तक्रार दिली. मेकॅनिक पेटी बघून म्हणाला, ठणठणीत आहे. तोही अळंबीवाल्यांचाच माणूस.

२३ जून
सहायिकेने न विचारता तपासणी केली. विषाणू दोन्हींत. माझ्या प्रत्येक नळीत. पहिल्या खेपेला आजारी बुरशीच्या डिशमधलं खाद्यच शिळं होतं. ते मीच ओतलं होतं. म्हणाली, सर, तो वीस वर्षं तिथेच आहे, बुरशीला पत्ताही नाही. हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.

२९ जून
निर्धार: उद्या संचालकांसमोर सिंहगर्जना. अपयश हीच क्रांतीची पहिली पायरी. पानं एकवीस.

३० जून, दुपारी ४
दुसऱ्या पानावर संचालकांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यावर चहा मागवला. एकच. निरुपद्रवी विषाणूवरचा सहायिकेचा शोधनिबंध मात्र त्यांनी संस्थेच्या पत्रिकेसाठी स्वीकारलाय. शेवटी आभारांत माझं नाव आहे: नळी सांभाळल्याबद्दल.
खोलीवर आलो तर अळंबीवाले टेबल घेऊन दारात. त्यांतल्या एकाने विचारलं, काका, उजेड कुठून येतो?
दाखवला.