साडेचारशे लिटर समुद्राची सोय

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, पाठ्यपुस्तकांची मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नाही, आणि ती बदलण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरले आहे, पण त्याचा परिणाम या मजकुरावर होऊ दिलेला नाही. जिथे झाल्यासारखा वाटला ते वाक्य दुसऱ्या दिवशी वाचून खोडले आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाईंनी नमुना म्हणून दिलेला मसुदा दीड पानाचा होता. माझा वाढलेला पाहून त्या म्हणाल्या, "अहो, हे मृत्युपत्र आहे, रोजनिशी नाही." बावीस वर्षे रोजनिशी लिहिणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? कायद्याला लागणारी वाक्ये त्यांनी तपासली आहेत, बाकीची माझी आहेत. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी त्यांनाच नेमत आहे.

कलम १. राहते घर, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. बाहेरच्या खोलीतील समुद्री माशांच्या टाकीविषयी अट आहे, ती कलम सहामध्ये.

कलम २. बँकेतील शिल्लक शस्त्रक्रियेतून उरली तर तीही भाचीला. तिने ती शहाणपणाने खर्च करावी असे मी लिहिले होते आणि खोडले. चांगली पस्तिशीची असताना मी काचेचा एक चौकोन आणि दगड विकत आणले होते. मी कोण सांगणार?

कलम ३. माझ्या वडिलांची हत्यारांची पेटी, मोठ्या पान्ह्यासकट, आमच्या नळदुरुस्तीवाल्यांना द्यावी. टाकीचे सगळे नळकाम त्यांचे आहे. खारे पाणी त्यांनी तोपर्यंत फक्त चित्रात पाहिले होते. वरच्या टाकीतले पाणी कडेच्या फटीतून खाली कपाटातल्या छोट्या टाकीत उतरते, तिथे स्वच्छ होते आणि पंपाने पुन्हा वर चढते, एवढे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "म्हणजे पाणी दिवसभर जिना चढणार, उतरणार. आणि वीज गेली की?" मी म्हटले, थांबणार. ते हसले. "बाई, पाणी थांबत नसतं. नळीतून उलटं खाली येईल."

मी पुस्तके वाचलेली होती, त्यामुळे ऐकले नाही. पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि चाळीस लिटर समुद्र उलटा येऊन खालच्या टाकीवरून जमिनीवर आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका शब्दाने मला न टोचता पंपाच्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, काडीएवढे छिद्र पाडले. पाणी थोडे उतरले की छिद्रातून हवा शिरते आणि ओघ तुटतो. अकरा वर्षांत एक थेंब सांडलेला नाही. त्या छिद्रात शेवाळ धरते. दर पंधरा दिवसांनी ते टाचणीने मोकळे करावे. माझ्या ओळखीत यापेक्षा हुशार काम कोणी केलेले मला माहीत नाही, आणि त्यांच्या तोंडावर हे मी एकदाही बोलले नाही. वकीलबाईंनी त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. वर सांगितलेले चाळीस लिटर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतातून उतरले. पडलेल्या डागावरून ते आणि मी सहा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की ते छताकडे बघत. त्यांचे छत माझ्या खर्चाने रंगवून द्यावे, असे इथे लिहिले होते. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि काकांइतका शब्दाचा पक्का साक्षीदार मला दुसरा मिळणार नव्हता. म्हणून मागच्या आठवड्यात छत रंगवून घेतले. काका आरामखुर्चीत बसून वर बघत म्हणाले, "आता मी बघायचं कुठे?" हे कलम रद्द.

कलम ५. टाकीचे वर्णन. काचेची, साडेचारशे लिटरची. आत जिवंत दगड, म्हणजे समुद्रातले बारीक जीव वस्तीला असलेले, नऊ जातींची पोवळी, एक सफाई करणारी कोळंबी, एक समुद्रफूल आणि त्यात राहणारे नारिंगी माशांचे जोडपे. मादी मोठी, तिला मी बाईसाहेब म्हणते. नर तिच्या मागेमागे फिरतो, तो चिटणीस. हे मासे वीस वर्षेही जगतात, म्हणजे डॉक्टरांचे काही चुकले तर ते माझ्या मागे राहतील.

घर, भांडी, पुस्तके मृत्युपत्र उघडेपर्यंत थांबू शकतात. टाकी थांबत नाही. रोज तिच्यातले चार लिटर पाणी उडून जाते. पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोज भरायचे ते गोडे पाणी, गाळणी यंत्रातून आलेले. खारे पाणी फक्त महिन्यातून दोनदा, पाणी बदलताना. शेजारीशेजारी दोन बादल्या असतात, दिसायला सारख्या, आणि घरात समुद्र पाळणाऱ्याचे सगळे नशीब त्यात कोणती कोणती हे ओळखण्यात असते. पोवळे बोलत नाही, पळत नाही, बेशुद्ध पडत नाही. मिटून घेते. दोन दिवसांनी पांढरे पडते, आणि तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, अरे वा, काय सुंदर रंग आला.

मी इस्पितळात किमान तीन आठवडे असेन. नंतर परत येईन किंवा येणार नाही. दोन्ही वेळी टाकीजवळ माणूस हवे. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होते, आणि त्याला मी नऊ वर्षांपूर्वी सांगितले होते की पुन्हा या काचेला हात लावायचा नाही.

कलम ६. हे कलम काल कच्चे लिहिले होते. आज पुन्हा लिहिते, कारण मध्ये धाकटी येऊन गेली.

आधी नऊ वर्षांपूर्वीचे. कचेरीने मला एकवीस दिवस बाहेरगावी पाठवले. टाकी धाकटीवर सोपवली. भिंतीला सूचनांचा कागद लावला: रोज पांढऱ्या झाकणाच्या बादलीतले चार लिटर. परत आले तेव्हा दोन पोवळी मेलेली होती आणि मेंदूसारख्या वळ्यावळ्यांच्या मोठ्या पोवळ्याचा अर्धा भाग हाडासारखा पांढरा होता. धाकटी म्हणाली, "ताई, माझ्याकडून मिठाचं पाणी पडलं." मी म्हणाले, "खारं आणि गोडं एवढं कळत नाही तुला? सहा वर्षांच्या मुलाला कळतं." आणि काचेविषयीचे ते वाक्य. तिने वाद घातला नाही. त्यानंतर ती या घरी शेकडो वेळा आली असेल, पण टाकीकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसायची. मी समजत होते, तिला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात घराच्या कागदपत्रांच्या तारखा जुळवण्यासाठी जुन्या रोजनिश्या काढल्या. मी निघाले त्या दिवसाचे पान माझ्याच अक्षरात असे आहे: "निळ्या झाकणाला चीर गेली आहे, मीठ फरशीवर येते. तूर्त पांढरे झाकण खाऱ्या बादलीवर लावले. गोडी बादली उघडीच. भिंतीवरचा कागद दुरुस्त करायचा आहे. गाडी आली."

कागद दुरुस्त केला नव्हता. धाकटीने बारा दिवस अक्षरशः माझे ऐकले होते.

लोकांच्या पुस्तकातला एक काना सुटला तरी मला झोप लागत नाही. हे पान मी नऊ वर्षे उलटून पाहिले नाही. परतल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची नोंद तर अशी आहे: "बादलीला नवे निळे झाकण. धाकटीने आणलेले दिसते. एवढे तरी धड केले." हे इथे जसेच्या तसे उतरवले आहे, खोडणार नाही.

ही वही घेऊन मी मासेवाल्याकडे गेले. मासेवाला म्हणजे शोभेच्या माशांचा दुकानदार, ज्याच्याकडून मी अकरा वर्षे मीठ घेते. त्याला साक्षीदार व्हा म्हणून विचारायचे होते, आणि हेही विचारायचे होते की बारा दिवस मीठ चढत गेल्यावर उरलेली सात पोवळी जगली कशी. तो म्हणाला, "तुमची धाकटी जगवत होती ना. रोज दुकान उघडायच्या आधी दारात उभी, हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, एकदम उतरवू नका, मरतील, रोज थोडं थोडं. नऊ दिवस आली. एकदा तर पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हते.

काल धाकटी आली ती पेन काढूनच. साक्षीदार व्हायचे असे तिने गृहीत धरले होते.

"कुठे करू सही?"

"तुला नाही करता येणार."

"का? अक्षर वाईट आहे म्हणून?"

"ज्याला काही मिळतं त्याला सही करता येत नाही."

"घर तर पोरीला दिलंस. मला काय, तुझी लाल पेनं?"

"टाकी," मी म्हटले.

तिने पेनाला टोपण लावले. मी वही उघडून तिच्यापुढे धरली. तिने ते पान उभ्यानेच वाचले, आणि मी रडेन असे तिला वाटले असावे, कारण आधी मला बसवले.

"मला माहीत आहे, ताई."

"कधीपासून?"

"बाराव्या दिवसापासून. सगळी मिटून बसलेली बघितली आणि दोन्ही बादल्यांत बोट बुडवून चाटून पाहिलं. मग कागद वाचला. मग परत चाटलं."

"मग बोलली का नाहीस? स्वतःवर का घेतलंस?"

"तू दारातून आत आलीस ती सरळ काचेपाशी. पायातलंसुद्धा काढलं नाहीस. तुझं तोंड बघवत नव्हतं. त्यात म्हणू, हे तूच केलंस? तू स्वतःला खाल्लं असतंस. माझ्यावर चिडून निदान दोन घास जेवलीस तरी."

"आणि नंतर? नऊ वर्षं?"

"नंतर राहून गेलं." मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू, रागही होता. म्हटलं, बघू तरी हिला कधी सापडतंय. लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते ना!"

आम्ही दोघी हसलो. मग हसणे आवरेना आणि डॉक्टरांनी मला हसू नका असे सांगितलेले नाही.

मी तिला विचारले, घेशील का? ती नऊ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची फिरवून टाकीकडे तोंड करून बसली. मोठ्या पोवळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मेलेल्या अर्ध्यावर जिवंत कातडी दरवर्षी बोटभर सरकत आली आहे. आता फक्त मधोमध शिवणीसारखी रेघ दिसते. "हे मेलं होतं ना?" तिने विचारले. मी म्हटले, अर्धे. उरलेले तू वाचवलेस.

"माझ्या घरात साडेचारशे लिटर आलं तर आम्ही दोघं गॅलरीत झोपू. हे म्हणतील, विजेचं बिल कोण भरणार."

"टाकी इथेच राहील. तू येत जा."

"ठीक आहे. पण एक अट. झाकणांचा रंग बघून काही चालणार नाही. आणि तुझा कागदही नाही. मी लिहीन, तू तपास."

तरी लिहून ठेवते: टाकी, तिच्यातील सर्व जीव, पंप, गाळणी यंत्र आणि खारेपणा मोजायची छोटी दुर्बीण ही माझ्या धाकट्या बहिणीची आहेत. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहत नाही, आजपासून लागू आहे. ती म्हणेल तोवर टाकी आहे तिथेच राहील आणि भाचीने तिला दार उघडावे. माझे काही बरेवाईट झाले तर त्या दिवशीही आधी पाणी भरावे, मग माझ्याकडे यावे.

कलम ७. बावीस रोजनिश्या धाकटीला. त्या जाळू नयेत. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत त्या पानावर खूण ठेवली आहे आणि समासात लाल पेनाने दुरुस्ती केली आहे: "एवढे तरी धड केले" हे वाक्य काढून तिथे "सात पोवळी हिने वाचवली" असे वाचावे.

याखेरीज मला कोणाला काही देणे किंवा कोणाबद्दल काही म्हणणे उरलेले नाही. वरचा मजकूर मी तीनदा वाचला. एक चूक सापडली, ती दुरुस्त केली, आणि या वेळी दुरुस्ती प्रत्यक्ष केली आहे याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: लिहिणारी

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे काका. सही करण्याआधी यांनी सगळे वाचले आणि कलम चारमधील "सहा वर्षे" हे साडेपाच असल्याचे नोंदवण्यास सांगितले. नोंदवले.

साक्षीदार २: मासेवाला. सही.

ठिकाण: बाहेरची खोली, टाकीसमोर.
दिनांक: चोवीस, बुधवार, सकाळी. शस्त्रक्रियेला सतरा दिवस बाकी.

सह्या चालू असताना धाकटी दोन्ही बादल्यांवर काळ्या रंगाने जाड अक्षरांत खारं आणि गोडं असे लिहीत होती. अक्षर वाईट आहे, पण दारातून वाचता येते. भिंतीवर तिचा नवा कागद लागला आहे, मी तपासलेला. त्याखाली तिने आजची पहिली नोंद केली आहे:

बुधवार. चार लिटर. गोडं. चाखून घातलं.