हत्ती काही उभा राहीना

रोहा,
शनिवार, ३ मे २०२५

प्रिय जितेशदादा,

वाकून नमस्कार. वहिनी बरी असेलच, आणि ऋत्विक एव्हाना तुझ्या खांद्याला लागला असेल. गणपतीच्या कारखान्यात आता लगबग सुरू झाली असणार, तरी पत्र शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग.

आम्ही मजेत. आदेशला या आठवड्यात धाटावच्या कंपनीत पहिली शिफ्ट आहे. चारला घरी येतो, माझ्या मातीचा पसारा बघतो आणि चहा प्यायला पुन्हा बाहेर जातो!

पसारा कसला ते सांगते. आमच्या चर्चतर्फे १२ तारखेपासून तीन दिवस कोलाडजवळ आंब्यांच्या सावलीत मुलांचा मेळावा आहे. खेळ, हातवारे करून म्हणायची गाणी, गोष्ट आणि खाऊ. सरपंचांची परवानगी घेतली, घरोघर जाऊन आईबापांना विचारलं. कुणी सरळ "नाय" म्हणाले, त्यांना नमस्कार करून पुढे गेलो. तरी साठ मुलांची नावं आली.

गोष्ट आहे नोहाची. पूर येणार म्हणून देव त्याला सांगतो, मग तो भलंमोठं तारू बांधतो आणि प्राण्यांच्या जोड्या आत घेतो. आमचे पाळक म्हणाले, प्राणी पुठ्ठ्याचे कापू. मी म्हटलं, "पुठ्ठ्याचे कशाला? पेणची पोर आहे मी, शाडूचे करते." झाली ना पंचाईत!

उंट जमले. मगरी तर झकास झाल्या. जिराफांच्या माना मोडल्या, त्यांत खराट्याच्या काड्या घालून सरळ केल्या. पण हत्ती! दादा, हत्ती काही उभा राहीना. माती हातात घेतली की बोटं आपोआप त्याला मांडी घालून बसवतात, पोट सुटतं, सोंड डावीकडे वळते. शेजारची रिझवाना बघून म्हणाली, "तुझा हत्ती जेवून बसलाय काय गो?" हत्तीला चार पाय असतात हे मला ठाऊक आहे, माझ्या हातांना ठाऊक नाही.

शेवटी तिथल्याच थोड्या पोरांपुढे गोष्टीची तालीम केली, तिला तसाच नेला. म्हटलं, पोरांना काय कळतंय. गोष्ट ऐन रंगात आली, नोहाचं आभाळ फाटून पाऊस सुरू झाला आणि मी हत्ती वर उचलला. पुढे बसलेली एक चिमुरडी ओरडली, "बाई, यो तं बाप्पा हाय!" लगेच सगळ्यांनी "मोरया!" करून गलका केला. एकीने पळत जाऊन जास्वंद आणली. पाळक हसता हसता खालीच बसले. मीही पोट दुखेपर्यंत हसले. किती दिवसांनी अशी हसले, दादा.

घरी आल्यावर मात्र तो मोडायला हात होईना. डोळे आखले नाहीत तोवर ती मातीच, हे तूच शिकवलंस. डोळे नव्हतेच. तरी पाण्याचा हात लावला आणि तोंडातून निघालं, "माफ कर, दादा." तुलाच म्हणत होते.

तीन वर्षांपूर्वीचे गणपती. मी चर्चला जाऊ लागल्यानंतरचे पहिलेच. तू मोदक घेऊन पुढे आलास आणि मी सगळ्यांदेखत हात मागे घेतला, तोंड फिरवलं. नको होता तर तुला बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. पण श्रद्धा नवी होती आणि ती मिरवायची हौस दांडगी. त्यानंतर मी जगाला सांगत राहिले की दादाने बोलणं टाकलं. आधी मी काय केलं, ते कधीच कुणाला सांगितलं नाही. आदेशलाही नाही.

येशूवर माझा विश्वास आजही तसाच आहे, ते लपवून तुला बोलवत नाही. पण भावाचा पाणउतारा करायला त्याने शिकवलं नव्हतं. ती अक्कल माझी.

तर ११ तारखेला, रविवारी ये. दुपारनंतर मी घरीच आहे. दोन हत्ती उभे करून दे. मेळाव्याला थांबलंच पाहिजे असं नाही, जेवून मात्र जा. वाल घातलेली वांगी करते, तुला आवडतात तशी तिखट. ऋत्विकलाही आण.

हे हत्तीचं सगळं निमित्त आहे, तू ओळखलंच असशील. हत्तीवाचून नोहाची गोष्ट अडत नाही. तुझ्यावाचून माझं अडतं. यायचं नसेल तर रागावून का होईना, दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी मी त्या जपून ठेवीन.

सगळ्यांदेखत चुकलेली आणि सगळ्यांदेखत माफी मागायला तयार असलेली,
तुझीच धाकटी,
अनिता