उंबराची शेवटची साल

प्रिय नामुद्दू,

काल कावूयाकडे जाऊन आले. आपल्या धाकट्या भावाला आता लोक कलाकार म्हणतात. बाबा उंबराच्या ज्या सालीचं मोगरीने ठोकून ठोकून कापड करायचे, तिला हा तापल्या सळईने भोकं पाडतो, भोकांभोवती बिया शिवतो आणि भिंतीवर टांगतो. कंपालाहून आलेली दोन माणसं त्यासमोर मान वाकडी करून उभी होती. त्यातली बाई म्हणाली, "केवढं मौन आहे यात!" मौन कसलं, भोकं आहेत.

मी कशासाठी गेले ते तुला माहीत आहे. आईचे थोडेच दिवस उरलेत. तिला पुरताना आपल्याच अंगणातल्या उंबराच्या सालीत गुंडाळावं, बाजारच्या कापडात नाही, एवढंच तिचं मागणं. आणि ते उंबर तर गेल्या पावसाळ्यात वाळलं. साल काढली की उघड्या खोडाला त्याच दिवशी केळीची पानं बांधायची, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कावूया साल घेऊन प्रदर्शनाच्या ट्रकमधून पळाला. पाऊस उघडला आणि चार दिवसांच्या उन्हात बाबांनी लावलेलं झाड करपलं. तेव्हापासून आई त्याचं नाव घेत नाही. मातीलाही येऊ नये म्हणते.

मी पाहुण्यांदेखतच विचारलं, "काय रे, या फाटक्या गोधड्यांत आईला गुंडाळायचं का?"

"ताई, आधी बस. केळ्यांचे मटोके गरम आहेत."

"ते तुझ्या वाकड्या मानांना वाढ."

ती बाई म्हणाली, "तुमच्या बहिणीला राग काय छान येतो हो!" मी म्हटलं, "मग टांगा भिंतीवर."

कावूया हसला नाही. आत जाऊन एक घडी घेऊन आला. तांबूस, मऊ, अखंड. त्या उंबराची शेवटची साल. एकही भोक पाडलेलं नव्हतं. "आईची आहे," एवढंच म्हणाला. दुसरा कोणी त्या वेळी बोलला असता. मी वाट पाहत उभी राहिले. तो पाहुण्यांकडे वळला. मी आभार मानले नाहीत.

आता ऐक. त्या सकाळी ट्रक हॉर्न वाजवत होता. कावूया मला म्हणाला होता, "ताई, पानं तोडून ठेवलीत. दुपारच्या आत बांध तेवढी." मी म्हटलं, "कलाकाराची चाकरी मी करणार नाही." त्याला वाटलं, नेहमीसारखी कुरकुरते आहे, बांधेल. पानं दाराशी वाळली. रोज ती ओलांडून मी पाण्याला गेले. त्याने हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज कापड आईच्या हातात दिलं. तिने ते चाचपलं, गालाला लावलं आणि म्हणाली, "पण त्याला बोलावू नकोस." मी हो म्हटलं. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. रविवारी तू येशील तोवर मी तिला खरं सांगितलेलं नसेल, तर हे तिला वाचून दाखव. माझ्यासमोर.

तुझीच ताई,
नान्सांबा