जाडीची तिसरी खुर्ची

३ मार्च, कोचाबांबा
पोचलो एकदाचा! बासष्टाव्या वर्षी नोकरी लागली म्हणून पोरीला स्पेनला फोन केला, तर म्हणते, बाबा, तुम्ही आणि तुमची ती भंगारं! म्हणू दे. तीन इंजिनांचं, पोटात अख्खे ट्रक मावतील असं मालवाहू विमान, वय चव्वेचाळीस. सगळे लाडानं तिला ‘गोर्दा’ म्हणतात, म्हणजे जाडी. नव्या विमानांतून आम्हा फ्लाइट इंजिनियरांची जमातच नाहीशी झाली. इथं दोन वैमानिकांच्या मागे तिसरी खुर्ची अजून आहे, आणि ती माझी आहे. महिनाअखेरीस जाडी अमेरिकेतल्या वाळवंटात मोडीत निघणार. तोवर तरी माझी.

कप्तान फ्रोइलान तिच्यावर एकतीस वर्षं आहेत. नवी विमानं म्हणजे कॉम्प्युटरला विचारून शिंकायचं, असं त्यांचं मत. उतरल्यावर तिच्या सावलीत बसून आम्ही मांसाचं रसाळ सारण भरलेल्या गरम सालतेन्या खाल्ल्या. माझ्या शर्टावर रस सांडला, तर त्यांनी मला लगेच सांताक्रूसच्या मैदानातला गावंढळ ठरवून टाकलं. फार दिवसांनी कुणाबरोबर जेवलो.

८ मार्च
इथली एक गंमत. विमानातून उतरताना प्रत्येकजण दारात वळून स्वतःलाच तीनदा हाक मारतो. फ्रोइलान, चल रे, घरी जाऊ. या डोंगराळ मुलखात माणूस दचकला की त्याचा जीव तिथंच मागे राहतो म्हणे. मग हाक मारून न्यायचा. मेकॅनिक एउलोहियोनं मलाही बजावलं, जाडीला माणसांचा लळा आहे, ती सोडत नाही. तुम्ही मैदानातले फाजील शहाणे, पण हाक तेवढी मारा.

हाक मारून नेऊ कुठं? भाड्याच्या खोलीत? मी पॅनेलवर हात ठेवला आणि म्हणालो, रेमबेर्तो, तू आपला इथंच राहा.

१५ मार्च
झोप नाही. चव नाही. मिरचीची चटणी चमचाभर खाल्ली, जिभेला पत्ताही नाही. जाडीत चढलो की मात्र भूक लागते, हसू येतं. उतरलो की रिकामं पोतं.

१९ मार्च
सुट्टी. दिवसभर खोलीतच होतो. दुपारी एउलोहियोचा फोन आला. तो जाडीच्या चाकापाशी काम करत होता. म्हणाला, सुट्टीच्या दिवशी कशाला आलात, आणि ती तपासणीची यादी किती वेळा वाचणार?

फोनमधून मलाही ऐकू आला. माझा आवाज. यादी वाचणारा.

२४ मार्च
पोरीचा फोन. मी बोलत होतो, तरी ती बाबा, बाबा करत राहिली. म्हणाली, नुसती इंजिनाची घरघर येतेय. मग ठेवला तिनं.
मी खूप वेळ तसाच बोलत होतो.

२७ मार्च
एउलोहियोला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, जाडी जायच्या आत जीव बोलावून घ्या, अंगातला सदरा घेऊन जा, वासानं ओळखतो तो.

भर दुपारी दारात सदरा हलवून तीनदा हाक मारली. रेमबेर्तो, चल रे, घरी जाऊ.
तिसऱ्या हाकेला आतून उत्तर आलं. माझ्याच आवाजात, अगदी मायेनं.
कुठल्या घरी?
मी सदरा परत अंगात घातला आणि जिना उतरलो.

३० मार्च
जाडी निघाली. मी जिन्याकडे धावलो. कप्तानांनी खिडकीतून पाहिलं — माझ्या आरपार. मग मागे तिसऱ्या खुर्चीकडे वळून हसले.

एउलोहियोच्या वायरलेसवर कप्तानांनी विचारलं, इंजिनियर तयार?
मी — तो — तयार म्हणाला. किती आनंदात होता!

४ एप्रिल
कप्तान परतले. एउलोहियोला सांगत होते, रेमबेर्तो काही उतरला नाही. त्यांनी दारातून त्यालाही तीनदा हाक मारली — रडत होते.
मी दोघांच्या मध्ये उभा होतो.
तिकडे वाळवंटात आज जाडीला कापायला घेणार. नाकापासून. तिसरी खुर्ची नाकातच —

करकर ऐकू येतेय. डावा हात कुठं —
पोरी, तुझ्या घरी म्हणायला हवं होतं. तुझ्या घरी जाऊ म्हटलं असतं, तर तो आला अस