जोड कुठे आहे

पेण
४ मार्च १९९६

प्रिय प्रणित,

तुझा कॉम्प्युटर तयार आहे. पंधरा दिवस झाले, आमच्या कारखान्यात गणपतींच्या रांगेच्या टोकाला तो चालतो आहे. लाईट गेली की बंद पडतो, आली की मी बटण दाबते आणि तो मुकाट्याने उठून बसतो. पाडव्याला रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या तुझ्या नव्या गाळ्यात त्याची पूजा होईल आणि त्यानंतरच्या रविवारी आपला साखरपुडा. त्याआधी मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक बोर्डाची. दुसरी म्हणजे, रोह्याच्या पुलावर तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं अर्धंच उत्तर दिलं होतं, ते पुरं करायचं आहे. दुसरी ऐकल्यावर कदाचित साखरपुडा होणार नाही. म्हणून आधी पहिली सांगते.

मदरबोर्ड मी निवडावा असं तू म्हणालास, तेव्हापासून मला त्याचाच घोर लागला होता. कंपनीची शिफ्ट सोडून तू कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायला बसणार, आणि ते सगळं एका हिरव्या फळीवर उभं राहणार. दाजीमामाला घेऊन मुंबईला गेले. दुकानदाराने दोन बोर्ड काढले. पहिला इतका देखणा की मामा लगेच पिशवी उघडून उभा राहिला. दुकानदाराने तो चालू करून दाखवला. पडद्यावर कॅश मेमरी किती आहे तेही नीट लिहून आलं. प्रोसेसरच्या हाताशी असलेली ती थोडीशी स्मृती नसेल तर काम किती रखडतं, हे आपण क्लासमध्ये पाहिलंच आहे. मी बोर्ड हातात घेऊन उजेडाकडे धरला. बाबांनी मला सातव्या वर्षी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकवायला घेतली, तेव्हापासून एखादी रेघ दिसली की ती कुठे जाते ते पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मिठागरातले पाट जसे फिरत फिरत खाडीला मिळतात, तशा बोर्डावरच्या सगळ्या रेघा कुठे ना कुठे मिळत होत्या. फक्त कॅशच्या चिपांच्या पायांपासून निघालेल्या रेघा कुठेच जात नव्हत्या. चिपा नुसत्या दिसायला होत्या, आत काही नव्हतं. पडद्यावरचं खोटं होतं. मी विचारलं तर दुकानदार हसून म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक पडदा बघतं. रेघा कोण बघतं?" आम्ही दुसरा घेतला. दिसायला अगदीच साधा, पण त्याची प्रत्येक रेघ आपल्या घरी पोचत होती.

आणि तोच मी बिघडवला. पेटीत बसवताना माझा स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि एक रेघ तुटली. पडदा काळाच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून पडले होते तेव्हा, मामाचा रेडिओ दुरुस्तीचा चिमटा आणि डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र मागून आणलं. वायरीतली तांब्याची एकच तार सोडवली आणि श्वास धरून, डोळ्याची बाहुली काढावी तशी, तुटल्या जागेवर टेकवून कथलाने जोडली. कौलांतून उन्हाचे कवडसे खाली उतरले होते. अजून डोळे न उघडलेले ते पांढरे गणपती रांगेने बसले होते. बटण दाबलं, आणि त्या सगळ्या शांततेत एकच बारीक 'टिंग' असा आवाज झाला. मला वाटलं, रांगेतल्या कुणीतरीच हूं म्हटलं.

मामा म्हणाला, "चालतोय ना गो? मग सांगतेस कशाला त्याला?"

पण आमच्या कारखान्यात तसं चालत नाही. मूर्ती वाळताना तडकली, बोट निखळलं, तर बाबा जोडतात, रंगवतात, कुणाला ओळखू येत नाही. तरी गिऱ्हाईक न्यायला आलं की बाबा स्वतः त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवतात: इथे जोड आहे, न्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. बरेच जण दुसरी मागतात. एकदा कोलाडहून हैबतराव म्हणून एक शेतकरी आले होते. त्यांनी जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्या घरात तरी धड कोण हाय? द्या हाच." बाबा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हसत होते.

हैबतरावांनी नेलेली ती मूर्ती माझ्यामुळे तडकली होती. नऊ वर्षांची होते. मूर्तींच्या मधून चालताना मला फेफरं आलं आणि मी त्यांच्यावरच कोसळले. अकरा गणपती मोडले. पुढची चार वर्षं अधूनमधून ते येत राहिलं. मुंबईच्या डॉक्टरांची गोळी सोळाव्या वर्षापर्यंत चालू होती, मग त्यांनीच थांबवली. आता अकरा वर्षं काही झालेलं नाही. पुन्हा होणार नाही असं मात्र कुणी लिहून दिलेलं नाही. सरूकाकी म्हणते, लग्नाआधी तोंड उघडशील तर बघ. लोकांना मातीतला जोड दाखवणारे माझे बाबा, माझं नाव निघालं की उठून रंग कालवायला जातात. त्यांचा मला राग येत नाही. त्यांच्याने होत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

पुलावर तू विचारलंस, हनुवटीखालचा व्रण कसला? मी म्हटलं, लहानपणी पडले होते. ते खोटं नव्हतं, पण त्या रेघेपुढे मी तुला जाऊ दिलं नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. बोर्डावर जोडाच्या शेजारी मी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला आहे, भिंगातून नीट बघ आणि मग ठरव. नाही आलास तर कॉम्प्युटर पाडव्याआधी मामा पोचता करेल, त्याची काळजी करू नकोस. माझी खूण तू आधीच पाहिली आहेस. ती कशाची, तेवढंच तुला माहीत नव्हतं.

अजून तरी तुझीच,
मृणाली