बॅट सोड, मग पळ

२९ जुलै, मंगळवार. धुळे.
आज शाळेच्या पोरांना ग्राउंडर. चेंडू जमिनीवरून येतो तेव्हा गुडघ्यात वाका, ग्लोव्ह मातीला टेकवा, दुसरा हात वर झाकणासारखा. पोरं सगळी क्रिकेटमधली. चेंडू दिसला की ग्लोव्ह टाकून देतात आणि दोन्ही हात पुढे. मयूर तर ग्लोव्ह काखेत धरून कॅच घेतो. वर म्हणतो, "सर, त्याच्यात हात सापडत नाही."
सर. सेकंड इयर अर्धवट सोडलेला माणूस, सर.
ओरडलोच. पी.टी.च्या सरांनी व्हरांड्यातून ऐकलं. बोलावून शांतपणे सांगितलं, बेसबॉल येतो म्हणून तुला ठेवलाय, परत आवाज चढला तर दुसऱ्या दिवशी येऊ नको. हो म्हणालो. हे गेलं तर धुळ्यात राहायला कारण नाही, आणि घरी जायला तोंड नाही.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई देवीचा सण. ग्राउंड बंद. खोलीत एकटा. खाली घरमालकांकडे सकाळपासून वाजंत्री, पाहुणे, पोरांची धावपळ. धरणगावला आमच्याकडेही बसली असेल. कॉलेज सोडल्यापासून आबा बोलत नाहीत. आईनं फोनवर विचारलं, येतोस का. प्रॅक्टिस आहे म्हटलं. कानबाईच्या दिवशी प्रॅक्टिस! तिनं ऐकून घेतलं.
संध्याकाळी खालच्या अक्का ताट घेऊन वर आल्या. "रोट भाऊबंदकीबाहेर देतस नही रे भाऊ. हाई खिचडी खाय ले."
रीत मला माहीत आहे. प्रसादाचे रोट आमच्याकडेही भावकीबाहेर देत नाहीत. खिचडी गरम होती, वरून तूप. तरी जिन्यातून वास येत होता तो रोटांचाच.
प्र.ला फोन करावासा वाटला. केला नाही. तिची अट आहे.

७ ऑगस्ट
शाळेकडे कॅचरचा ग्लोव्ह नाही. माझ्या बॅगेत आहे, प्र.चा. ती मुलींच्या संघाची कॅचर. जळगावला कॉलेजच्या ग्राउंडवर रोज सकाळी मी पिच टाकायचो, ती धरायची. नंतर चहा. आत बॉलपेननं तिचं नाव आहे. माझ्याकडे राहिला तो राहिलाच.
आज बाहेर काढला, परत ठेवला. आमचा कॅचर गौरव साध्या ग्लोव्हनं धरत होता, तळवा लालबुंद. शेवटी दिला. मग दिवसभर उगाच चिडचिड.
कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात अंपायरनं आउट दिलं म्हणून मी हेल्मेट आपटलं. अंपायरच्या अंगावर नाही, पायाशी. संघातून काढलं. मी त्याच दिवशी कॉलेज सोडून मोकळा. प्र. म्हणाली, "संघातून काढलंय, कॉलेजातून नाही. राग उतरला की फोन कर. त्याआधी नको." मी त्याच संध्याकाळी केला, आणि तिच्यावरच तोंड सोडलं. तिनं ठेवून दिला. तेव्हापासून केलेला नाही.
उतरला हे कळतं कसं माणसाला?

२० ऑगस्ट
बॅटिंग. मयूरचा हात चांगला आहे. मारतो झकास, मग बॅट घेऊनच पळतो आणि पहिल्या बेसवर टेकवतो, क्रीझ असल्यासारखी. पाय मागेच. शंभरदा सांगितलं, इथं बॅट टेकवून काही होत नाही, पाय लागला पाहिजे. फेकायचीही नाही, मागे कॅचर असतो. नुसती हातातून खाली. बॅट सोड, मग पळ. मान डोलावतो. पुन्हा बॅट.
का सोडत नाहीस विचारलं.
"सर, कोणी नेली तर?"
गल्लीत त्याची एक बॅट अशीच गेलेली म्हणे. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

४ सप्टेंबर
शनिवारी सामना, जळगावला. पी.टी.चे सरही येतायत. म्हणजे माझ्यावर डोळा ठेवायला. प्र. असणार. स्कोअर लिहायला दरवर्षी कॉलेजची पोरं-पोरी येतात.
शर्ट धुतला. वाळल्यावर परत धुतला.

६ सप्टेंबर, शनिवार. परतीच्या एसटीत. अक्षर हलतंय.
होती. स्कोअरच्या टेबलावर. केस कापलेत. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागदात.
शेवटचा डाव, एका रननं मागे, दोन आउट. गौरव तिसऱ्या बेसवर. मयूरनं मारला, चेंडू हळू घरंगळत गेला. आरामात पोचला असता, गौरवही आला असता. बॅट घेऊन पळाला. बेसच्या अलीकडे वाकून टेकवली. थ्रो आला. आउट. संपलं.
अंपायर बरोबर होता. तेच जास्त लागलं.
तरातरा गेलो. तोंडात काय काय होतं. पी.टी.चे सर उभे राहिले, प्र.पण बघत होती. मयूर तिथंच, बॅट छातीशी.
"सर, इथं तर ओळखीचं पण कोणी नव्हतं."
"दे इकडे," म्हटलं. "मी धरतो."
दिली. बाकीचं बोलायचं राहूनच गेलं.
नंतर गौरव टेबलाजवळून जाताना तिनं त्याच्या हातातला ग्लोव्ह मागून घेतला, आत पाहिलं, परत दिला. माझ्याकडे नाही पाहिलं.
आता एरंडोल. इथून धरणगावची गाडी मिळते, समोरच लागलीये. पोरं झोपलीत. मी उतरलो नाही.
राग आहेच. मयूरवर नाही. कोणावर ते

८ सप्टेंबर, सोमवार
सर शनिवारचं काही बोलले नाहीत. उद्या पोरांना लवकर बोलव म्हणाले.
मयूरनं आज बॅट सोडली. पळाला, अर्ध्यातून मागे वळून बघितली, आहे जागेवर, मग पुढे. आउटच झाला तसा.
पोरं गेल्यावर ग्राउंडवरूनच फोन लावला. उचलला.
"उतरला?"
"थोडा आहे अजून."
मागे कुकरची शिट्टी. मला वाटलं ठेवते आता.
"ग्लोव्हला तेल लाव," म्हणाली. "शिवण सुटत आलीये." मग आई हाक मारतेय म्हणून ठेवला.
ग्लोव्ह परत दे म्हणाली नाही. परत फोन कर असंही नाही.
खोबरेल चालतं का, विचारायचं राहिलं.