हौदामागची आंबुशी

शालन,
तू कामावरून येशील तेव्हा मी घरी नसेन. आपल्या अंजीच्या सासरी, बनूबाईंकडे अंबरनाथला जाते. काल त्या आपल्याकडे जेवायला बसल्या, तेव्हा तू केलेली आंबुशीची आमटी मी त्यांच्यापुढून उचलली आणि म्हणाले, "सून रानातली आहे. असलं तण आमच्यात गुरं खातात."

खोटं बोलले. लहानपणी थंडीभर आमच्या घरात तेच शिजायचं. ते विहिणीला कळेल, याची लाज वाटली. आता तिलाच सांगून येते. तुला तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून हे लिहिलं.

मेथीच्या वाफ्यातली आंबुशी तेवढी मुळासकट काढली. तिच्या शेंगा तडकल्या की बी चहूकडे उडतं, मग मेथी हाती लागत नाही. हौदामागे सावलीत आहे ती ठेवली. तिची वरची पानंच खुड, पुन्हा फुटेल. तीन पानांची, चावून आंबट लागेल तीच घे. पण हे तुला मी काय शिकवणार, तू बारवीच्या रानाकडची.

उरलेली आमटी शोधू नकोस. सकाळी स्टोव्हपाशी उभ्यानंच मी सगळी खाल्ली. मीठ जरा कमी होतं.

तुझी सासू